डब्याची वेळ आणि शाळेची घंटा

(इयत्ता चौथी व पाचवीसाठी परिसर अभ्यास व गणित यांचा जोडपाठ)

विषयाची निवड

पुणे-नाशिक रस्त्याने राजगुरुनगर मागे टाकून मंचरकडे जाऊ लागले म्हणजे आंबेगाव तालुक्यातील पेठ हे गाव लागते. सातगाव पठारावरील हे प्रमुख गाव. पावसाच्या पाण्यावर येणाऱ्या बटाट्यासाठी हे पठार प्रसिद्ध आहे. लागवडीच्या व काढणीच्या दिवसांत येथील घराघरांत कोणालाच सवड नसते. मोठी माणसे शेतात जातात आणि घरातील लहानसहान कामे मुलांच्या वाट्याला येतात. पाणी भरावे, शेळ्यांचे पाहावे, धाकट्या भावंडाला सांभाळावे, शेतावर भाकरी पोचवावी आणि मग शाळा गाठावी, असा अनेक मुलांचा नित्यक्रम असतो. जुन्नर तालुक्यातील गावांतही स्थिती फारशी निराळी नाही.

अशा मुलांना ‘वेळेचे महत्त्व’ या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या, तर ‘गेलेली वेळ परत येत नाही’ हे वाक्य बहुतेक वह्यांत सापडते; आणि दुसऱ्या दिवशी तीच मुले पूर्वीप्रमाणेच उशिरा येतात. याचे कारण उघड आहे. वेळेचा उपदेश मुलांना पाठ असतो; वेळेचा हिशेब त्यांना कोणी शिकविलेला नसतो. हा हिशेब शिकविण्यास याच परिसरातून निघालेले एक उत्तम उदाहरण शिक्षकांच्या हाताशी आहे. मुंबईत घरचे जेवण कचेरीत पोचविणारे डबेवाले हे ते उदाहरण होय. हे लोक मुख्यतः पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ व मुळशी या तालुक्यांतील आहेत. वर्गात एखाद्या मुलाचा आजा, चुलता किंवा मामा या कामावर असणे अगदी शक्य आहे.

पाठाचे हेतू

१. एखादे काम ठरल्या वेळी पुरे होण्यासाठी त्याचे लहान भाग पाडून प्रत्येक भागाला किती वेळ लागतो हे मुलांना मोजता यावे.

२. एका दिशेची कामे एकत्र केल्याने हेलपाटे वाचतात, हे कृतीने पटावे.

३. आपल्या उशिराचा परिणाम दुसऱ्यावर कसा होतो, हे मुलांच्या ध्यानात यावे.

४. आपल्या परिसरातील कष्टकरी माणसांनी उभारलेल्या व्यवस्थेविषयी आदर वाटावा.

साहित्य

घड्याळ, रिकाम्या काडेपेट्या किंवा जाड कागदाचे २४ तुकडे, रंगीत खडू, मुंबईतील लोहमार्ग दाखविणारा नकाशा. नकाशा नसल्यास फळ्यावर चर्चगेटपासून विरारपर्यंत एक रेघ ओढून तिच्यावर दादर, अंधेरी, बोरिवली ही स्थानके दाखविली तरी पुरे.

प्रस्तावना

शिक्षकांनी पुढील प्रश्नांनी सुरुवात करावी. शेतावर भाकरी कोण नेते? ती किती वाजता पोचली पाहिजे? उशीर झाला तर काय होते? भाकरी नेताना वाटेत आणखी कोणते काम होते का?

या प्रश्नांना प्रत्येक मुलाजवळ उत्तर असते. उत्तरे आल्यावर शिक्षकांनी विचारावे, “भाकरी एकाची नसून तीस जणांची असेल, शेत एक नसून तीस ठिकाणी असेल आणि मध्ये आगगाडीचा प्रवास असेल, तर काय करावे लागेल?” येथे पाठाचा हेतू सांगावा.

विषयविवेचन

*(अ) कामाचा आरंभ व स्वरूप.* मुंबईत कचेऱ्या व गिरण्या वाढल्या तशी दूरवरून कामाला येणाऱ्यांची संख्या वाढली. नोकरदार सकाळी लवकर घर सोडी. तोवर जेवण तयार नसे. निरनिराळ्या जातिधर्मांच्या व प्रांतांच्या लोकांना आपापल्या घरचेच अन्न हवे असे. ही अडचण ओळखून १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचविण्याच्या कामाची घडी बसविली, असे मानले जाते. १९५६ साली या लोकांची विश्वस्त संस्था नोंदली गेली. ‘नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट’ या नावाने ती ओळखली जाते.

कामाचा क्रम असा. सकाळी डबेवाला ठरलेल्या घरांतून डबे गोळा करतो आणि सायकलने किंवा पायी जवळच्या स्थानकावर येतो. तेथे त्याच्या टोळीतील इतर माणसेही आपापले डबे घेऊन आलेली असतात. सर्व डबे एकत्र मांडून ते उतरण्याच्या स्थानकाप्रमाणे वेगळे केले जातात. लांब लाकडी पाट्यांतून ते लोकल गाडीच्या सामानाच्या डब्यात चढतात. उतरल्यावर पुन्हा वाटणी होते. या वेळी इमारतींप्रमाणे. मग हातगाडी, सायकल किंवा डोक्यावरची पाटी यांच्या साह्याने जेवणाच्या सुट्टीपूर्वी डबा धन्याच्या मेजावर जातो. दुपारनंतर रिकामे डबे त्याच वाटेने उलट फिरतात आणि संध्याकाळपूर्वी घरी पोचतात.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट ठळकपणे दाखवावी. जो माणूस घरून डबा उचलतो, तोच तो कचेरीत देतो असे नाही. एक डबा वाटेत अनेक हातांतून जातो. प्रत्येक घरासाठी एक माणूस मुंबईभर धावला असता, तर हे काम परवडले नसते. काम माणसाप्रमाणे न वाटता दिशेप्रमाणे वाटले, म्हणून ते साधले.

*(आ) झाकणावरची खूण.* डब्यावर पूर्ण नाव-पत्ता लिहिलेला नसतो. झाकणावर रंगाने काही अक्षरे व आकडे काढलेले असतात. डबा कोणत्या भागातून आला, कोणत्या स्थानकावर उतरावयाचा, तेथे कोणी न्यावयाचा, कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर द्यावयाचा, एवढेच त्यावरून कळते. आवश्यक ते सर्व आहे आणि अनावश्यक काहीच नाही, हे या खुणेचे वैशिष्ट्य होय. डबेवाल्यांपैकी अनेकांना फारसे शिकता आले नाही. म्हणून रंग व मोजकी चिन्हे यांचा उपयोग करून घेण्यात आला. मात्र यावरून ‘शिक्षणावाचून चालते’ असा बोध मुलांनी घेऊ नये. खूण वाचणे हेही वाचनच आहे, आणि डब्यांची वाटणी हे वर्गीकरण आहे. शाळेत जे शिकविले जाते तेच तेथे फलाटावर उपयोगी पडते, असे शिक्षकांनी सांगावे.

*(इ) सात मिनिटांचे गणित.* पुढील उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे. आकडे गणितापुरते धरलेले आहेत, हे मुलांना सांगावे.

एका डबेवाल्याकडे ३० घरे आहेत. तो ८ वाजून ४५ मिनिटांनी पहिल्या घरी जातो. प्रत्येक घराला, पुढच्या घरापर्यंत जाण्यासह, २ मिनिटे लागतात. स्थानकापर्यंत जाण्यास २० मिनिटे आणि वाटणीस २० मिनिटे लागतात. गाडी १० वाजून ३२ मिनिटांनी सुटते. त्याच्याजवळ किती वेळ उरतो?

३० घरांना ६० मिनिटे, म्हणजे ९ वाजून ४५ मिनिटे झाली. स्थानकावर १० वाजून ५ मिनिटे. वाटणी संपली तेव्हा १० वाजून २५ मिनिटे. उरली ७ मिनिटे.

आता दुसरा प्रश्न. चार घरांतील डबे तयार नाहीत आणि प्रत्येक ठिकाणी तो २ मिनिटे थांबला, तर? एकूण ८ मिनिटे गेली आणि गाडी सुटली. एकेका घराच्या दृष्टीने उशीर दोनच मिनिटांचा. पण त्यापायी २६ निर्दोष घरांतील माणसे उपाशी राहण्याची वेळ येते. म्हणून डबा तयार नसेल तर डबेवाला फार वेळ थांबू शकत नाही. तो पुढे जातो. यात कठोरपणा नाही. एकासाठी थांबणे म्हणजे इतर सर्वांना थांबविणे, हा त्यातील न्याय आहे.

याच ठिकाणी मुलांना विचारावे, “या साखळीत सर्वांत आधी कोण उठते?” डबा भरणारी गृहिणी, हे उत्तर मुले स्वतःच शोधतील. डबेवाल्याच्या वक्तशीरपणाचे कौतुक सर्वत्र होते. परंतु पहाटे उठून वेळेवर डबा भरणाऱ्या हातांवाचून तो वक्तशीरपणा उभाच राहत नाही. आपल्या घरी हे हात कोणाचे, याचा विचार मुलांनी करावा.

*(ई) राखीव माणूस व सुट्टी.* डबेवाल्यांच्या टोळ्या असतात आणि प्रत्येक टोळीला मुकादम असतो. टोळीत नेहमीच्या गरजेपेक्षा काही माणसे अधिक ठेवलेली असतात. कोणी आजारी पडले, एखाद्याची सायकल बिघडली, तर राखीव माणूस लगेच त्याची जागा घेतो. दिवसाची आखणी काठोकाठ भरली तर पहिल्याच अडचणीला ती सांडते. राखीव वेळ हा वाया गेलेला वेळ नव्हे. तसेच, चैत्रात गावोगावच्या यात्रांसाठी हे लोक काही दिवस काम बंद ठेवून गावी येतात आणि त्याची सूचना गिऱ्हाइकांना आधी दिलेली असते. विश्रांतीलाही वेळापत्रकात जागा हवी, हे यावरून दिसते.

*(उ) कीर्ती आणि कसोटी.* २००३ साली इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी मुंबईत चर्चगेट येथे डबेवाल्यांची भेट घेतली. २०१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाळेने त्यांच्या कामावर अभ्यासप्रकरण प्रसिद्ध केले. कोरोनापूर्वी सुमारे ५,००० माणसे दररोज सुमारे २ लाख डबे पोचवीत, असे सांगितले जाई. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे लोकल गाड्या व कचेऱ्या बंद झाल्या आणि हे कामही थांबले. अनेक डबेवाले गावी परतले, शेतीला लागले. पुढे काम पुन्हा सुरू झाले, परंतु पूर्वीच्या मानाने माणसे व डबे बरेच कमी झाले. आखणी कितीही चांगली असली तरी ती इतर अनेक गोष्टींवर अवलंबून असते, हे शिकविण्यास या घटनेचा उपयोग करावा.

डबेवाल्यांच्या अचूकतेविषयी ‘इतक्या लाखांत एकच चूक’ असे आकडे पुष्कळ ठिकाणी छापले जातात. मोजणी कोणी, कधी व कशी केली हे ठाऊक नसलेला आकडा गणिताच्या तासाला सत्य म्हणून देऊ नये. ‘चुका फार थोड्या होतात’ एवढे सांगणे पुरेसे आहे. मुलांना मोजून खात्री करण्याची सवय लावावयाची असेल, तर ती शिक्षकाने आधी पाळली पाहिजे.

कृती

वर्गाच्या किंवा पटांगणाच्या एका बाजूस चार ‘आळ्या’ व दुसऱ्या बाजूस तीन ‘कचेऱ्या’ आखाव्यात. प्रत्येक आळीत ६ याप्रमाणे २४ काडेपेट्या ठेवाव्यात. प्रत्येक पेटीवर कचेरीची खूण रंगीत खडूने काढावी. प्रत्येक कचेरीच्या वाट्याला ८ पेट्या याव्यात.

पहिल्या फेरीत एका मुलाने एका वेळी एकच पेटी उचलून ती थेट कचेरीत पोचवावी. अशा २४ खेपा होतील. दुसऱ्या फेरीत चार मुलांनी आपापल्या आळीतील सहाही पेट्या गोळा करून मध्यभागी ‘स्थानका’वर आणाव्यात, तेथे त्यांचे तीन गट पाडावेत आणि तीन मुलांनी एकेक गट आपल्या कचेरीत न्यावा. खेपा किती झाल्या? गोळा करण्याच्या ४ आणि पोचविण्याच्या ३, एकूण ७. दोन्ही वेळा घड्याळ लावून लागलेला वेळ फळ्यावर लिहावा. चार सक चोवीस आणि तीन आठे चोवीस, हे दोन्ही पाढे या खेळात आपोआप येतात. तिसऱ्या फेरीत एका मुलास मुद्दाम बाजूला बसवावे व राखीव मुलास पाठवावे.

त्यानंतर पठारावरील गावांसाठी खुणा तयार करण्यास सांगावे. पेठ, कुरवंडी, भावडी, कारेगाव, थुगाव यांसाठी एकेक अक्षर, वाडीसाठी एक रंग व घरासाठी एक आकडा योजावा. दोन गावांची खूण सारखी झाली तर काय घोटाळा होतो, हे मुलांनाच शोधू द्यावे.

उपयोजन : मुलाची सकाळ

आता पाठ मुलाच्या घरी न्यावयाचा. पुढील उदाहरण वर्गात मांडावे. शाळेची घंटा उदाहरणापुरती दहाची धरावी. प्रत्यक्षात आपल्या शाळेची वेळ घ्यावी.

एका मुलीच्या घरी नळाला नऊ वाजता पाणी येते. ते भरण्यास ३० मिनिटे लागतात. मग शेतावर भाकरी पोचवून घरी परत येण्यास २५ मिनिटे. नंतर दप्तर घेऊन शाळेपर्यंत २० मिनिटे. नऊपर्यंतचा वेळ शेळ्या व धाकटा भाऊ यांत गेलेला असतो. ती शाळेत किती वाजता पोचते? साडेनऊ, मग ९ वाजून ५५ मिनिटे आणि शेवटी १० वाजून १५ मिनिटे. हजेरीपटात रोज ‘उशिरा’ अशी नोंद होते.

शेत शाळेच्या वाटेलगत असेल तर? तिने दप्तर बरोबरच घ्यावे आणि भाकरी देऊन तशीच शाळेत जावे. वाकड्या वाटेची ५ मिनिटे व शाळेची २० मिनिटे धरून ती ९ वाजून ५५ मिनिटांनी शाळेत हजर होते. काम तेवढेच, कष्ट उलट थोडे कमी, आणि पाच मिनिटे राखीव. परतीची एक खेप वाचली, एवढाच फरक.

पण शेत उलट दिशेला असेल तर? येथे शिक्षकांनी थांबावे आणि स्वतःला प्रश्न विचारावा. अशा मुलीचा उशीर तिच्या आळसामुळे आहे काय? नळाची वेळ तिने ठरविलेली नाही. शेत कोठे असावे हेही तिच्या हाती नाही. या ठिकाणी मुलीला छडीचा धाक किंवा उभे राहण्याची शिक्षा देणे अन्यायाचे होईल. मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही बंदी केली आहे. पाण्याच्या वेळेबाबत शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढावा, ग्रामपंचायतीशी बोलावे, शेजारच्या मोठ्या माणसाने भाकरी नेण्याची सोय होते का हे पालकांबरोबर पाहावे. तोवर त्या मुलीचा बुडालेला पंधरा मिनिटांचा अभ्यास दुपारी भरून काढावा.

शिक्षकाचा स्वतःचा दिवस

६० पर्यंत पट असलेल्या शाळेस दोन शिक्षक असतात आणि दोघांत मिळून अनेक वर्ग असतात. त्यात पोषण आहाराची नोंद, पुस्तके, माहितीपत्रके व सभा यांची भर पडते. पुष्कळ पत्रव्यवहार आता भ्रमणध्वनीवरून होतो. तरीही तालुक्याच्या गावी जाणे सर्वस्वी टळत नाही. पठारावरून मंचरमार्गे घोडेगावला जाऊन परत येण्यात शाळेचा मोठा वेळ मोडतो.

समजा, जवळच्या सहा शाळांतून आठवड्याला एकेक शिक्षक अशा कामासाठी जातो. म्हणजे आठवड्यात सहा खेपा. या शाळांनी आपले कागद एका ठरलेल्या दिवशी एकत्र केले आणि शाळा सुटल्यावर किंवा सोयीच्या दिवशी पाळीने एकानेच नेले, तर आठवड्याला एक खेप होते आणि प्रत्येकाची पाळी सहा आठवड्यांनी येते. प्रत्येक शाळेचे पाकीट वेगळे असावे, वर शाळेची खूण व आतील कागदांची संख्या लिहावी, पोच त्याच पाकिटातून परत यावी. गोपनीय कागद व स्वतः सही करण्याची कामे अर्थात यातून वगळावीत. वरिष्ठांची संमती आधी घ्यावी.

वर्गातही हेच तत्त्व लागू पडते. एकाच प्रकारच्या वह्या एकदम तपासाव्यात. एका वर्गास स्वाध्याय देऊन दुसऱ्यास शिकवावयाचे असेल, तर स्वाध्याय आदल्या दिवशीच फळ्यावर लिहून ठेवावा. तासिकांमध्ये दहा मिनिटे कशासाठीही न राखलेली असावीत; कोणाला बरे नसते, कोणी पालक भेटीस येतो, त्या वेळी हीच दहा मिनिटे उपयोगी पडतात.

एक सावधगिरी

बटाटा काढणीच्या दिवसांत एखादे मूल शाळेतून अजिबात नाहीसे होते. त्या मुलाला वेळेची आखणी शिकवून उपयोग नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाची शाळेची वेळ ही त्याच्या हक्काची वेळ आहे. ती घरकामाच्या यादीत बसविण्याची वस्तू नव्हे. अशा वेळी शिक्षकाने घरी जावे, पालकांची अडचण ऐकून घ्यावी आणि सौम्य पण स्पष्ट शब्दांत बोलावे. हा पाठ मुलांवर आणखी कामे लादण्याचे साधन होऊ नये. आखणीतून वाचलेली वीस मिनिटे दुसऱ्या कामास न जुंपता ती अभ्यासाला, खेळाला किंवा झोपेला मिळावीत, असा आग्रह पालकसभेत धरावा.

फळ्यावरील सारांश

कामाचे भाग पाडा व प्रत्येकाचा वेळ मोजा. ठरलेल्या वेळेपासून मागे हिशेब करा. एका वाटेवरची कामे एका खेपेत करा. खूण थोडी पण स्पष्ट ठेवा. थोडा वेळ राखून ठेवा. आपल्यासाठी कोण थांबले आहे, ते आठवा.

स्वाध्याय

१. आपल्या सकाळच्या कामांची यादी करून प्रत्येक कामास लागणारा वेळ तीन दिवस मोजा.

२. कोणती दोन कामे एका खेपेत होतील ते शोधा. तसे करून किती मिनिटे वाचली, ते लिहा.

३. वरील गणितात प्रत्येक घरी २ मिनिटांऐवजी ३ मिनिटे लागली, तर डबेवाल्याने पहिल्या घरी किती वाजता जावे म्हणजे त्याची ७ मिनिटे राखीव राहतील?

४. घरात सर्वांत आधी कोण उठते व त्या व्यक्तीची कामे कोणती, हे विचारून पाच ओळी लिहा. त्यांपैकी कोणते काम घरातील दुसऱ्या कोणाला करता येईल?

५. नात्यात किंवा गावात डबेवाल्याचे काम केलेले कोणी असल्यास त्यांना शाळेत बोलवा व त्यांच्या दिवसाची हकीकत ऐका.

शेवटच्या स्वाध्यायाकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. मुंबईहून परत आलेला एखादा म्हातारा पांढरी टोपी घालून वर्गात उभा राहील आणि आपली गाडी किती वाजता सुटत असे हे सांगेल, तेव्हा मुलांना वेळेचा धडा पुस्तकाबाहेर भेटेल. त्याच्या नातवंडालाही आपला आजा वर्गापुढे शिक्षक म्हणून उभा असलेला दिसेल. त्या दिवसापुरती शाळेची घंटा त्याच पाहुण्याच्या हातून वाजवावी.